उन्हाळ्यातलं सोप्पं पास्ता सॅलड, अर्धं काम दुकानावर ढकलून: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एप्रिल लागला की ठाण्यात काय नि नवी मुंबईत काय, ओट्यासमोर उभं राहणं नको वाटतं, पंखा लावला तर गॅस फडफडतो आणि नाही लावला तर आपणच वाफेवर शिजतो. म्हणून हे सॅलड. गॅस वीसेक मिनिटं, बाकी सगळं कापणं आणि बाटल्या उघडणं. माझं मत आधीच सांगून टाकते, दुकानातून बाटलीबंद काय हवं ते आणा, त्यात लाज कसली, पण पास्ता नीट उकडणं आणि आंबट ताजं पिळणं ही दोन कामं बाटलीवर सोडू नका. खालचे निम्मे प्रश्न या दोन गोष्टींमुळेच पडतात.

थंड पास्ता? खरंच खातात लोक?

खातात हो. इटलीत उन्हाळ्यात थंड पास्ता करतातच, अमेरिकेत तर अंगणातल्या बार्बेक्यूला पास्ता सॅलडचं मोठं भांडं असतं. आणि आपण दहीभात गारच खातो ना, मग पास्त्याने काय घोडं मारलंय. फक्त गार म्हणजे फ्रीजमधून काढला की लगेच ताटात असं नाही, दहा-पंधरा मिनिटं बाहेर राहू द्या, फार गार पदार्थाची चव जिभेला कमी लागते.

एकदाचं प्रमाण सांगा, बाकी मग वाचू.

चार-पाच जणांसाठी: २५० ग्रॅम फुसिली म्हणजे तो पिळाचा पास्ता, एक मोठी काकडी, एक ढोबळी मिरची, दोन टोमॅटो, एक लहान कांदा, वाटीभर मक्याचे दाणे (फ्रोझन चालतात), अर्धी वाटी बिनबियांचे ऑलिव्ह, १०० ग्रॅम पनीर किंवा चीज, मूठभर कोथिंबीर-पुदिना, एक लिंबू आणि साधारण पाऊण ते एक वाटी तयार ड्रेसिंग, म्हणजे सॅलडला लावायचा बाटलीतला सॉस. पास्ता उकडा, गार करा, निम्मं ड्रेसिंग लावून फ्रीजमध्ये अर्धा तास मुरू द्या, मग भाज्या, उरलेलं ड्रेसिंग, लिंबू, आणि मीठ अगदी शेवटी चाखून. झालं. खरंच एवढंच आहे.

दुकानात पास्त्याच्या इतक्या पिशव्या असतात, कुठली उचलू?

पिशवीच्या मागे बघा, ड्युरम गव्हाचा रवा लिहिलेलं हवं. ड्युरम म्हणजे कडक जातीचा गहू, आपला बन्सी गहू त्यातलाच. त्याचा पास्ता जरा पिवळसर असतो आणि उकडून गार झाला तरी आकार धरून राहतो. मैद्याचा किंवा मैदा मिसळलेला घेतलात तर गरम असताना ठीक, सॅलडमध्ये तासाभरात गिच्च होतो आणि मग लोक म्हणतात रेसिपीच खराब.

आकार लहान आणि खाचाखोचांचा घ्या. फुसिली उत्तम, पिळात ड्रेसिंग अडकतं. पेने चालतो, शंख चालतात, फुलपाखरंपण चालतात पण त्यांचा मधला चिमटा कधीकधी कच्चा राहतो. साधी एल्बो मॅकरोनी घरात असेल तर तीच वापरा, मुद्दाम आणायला जाऊ नका. स्पॅगेटी नको, गार झाल्यावर गुंता होतो नुसता.

पास्ता किती शिजवायचा? सगळीकडे लिहिलेलं असतं जरा कचकचीत ठेवा.

ते गरम पास्त्यासाठी. सॅलडसाठी उलटं, पाकिटावर लिहिलेल्या वेळेपेक्षा मिनिट-दीड मिनिट जास्त. कारण पास्त्यातला स्टार्च गार होताना परत घट्ट होतो, फ्रीजमधला भात दुसऱ्या दिवशी कडक लागतो तेच, म्हणजे गरम असताना तुम्हाला "अगदी बरोबर" वाटलेला पास्ता गार झाल्यावर चावायला चिवट लागणार. एक तुकडा काढा, गार पाण्यात बुडवा आणि चावून बघा, आत पांढरा ठिपका दिसायला नको.

पाणी भरपूर, १०० ग्रॅमला एक लिटर, म्हणजे आपल्या २५० ग्रॅमला अडीच लिटर. मीठ लिटरला दहा ग्रॅम धरा, एकूण दीड मोठा चमचा. हे ऐकून घरची मोठी माणसं बीपीचं नाव काढतात, पण बहुतेक मीठ पाण्याबरोबर सिंकमध्ये जातं, पास्त्यात थोडंच उतरतं. इथे हात आखडता घेतलात तर वरून कितीही महागडं ड्रेसिंग ओता, बाहेर चव आणि आत नुसता शिजलेला रवा. ज्यांना मीठ डॉक्टरांनीच कमी सांगितलंय त्यांनी अर्धं घाला आणि ऑलिव्ह धुऊन घ्या. मक्याचे किंवा मटारचे फ्रोझन दाणे शेवटच्या दोन-तीन मिनिटांत त्याच पाण्यात टाका, वेगळं भांडं नको. फ्रोझन दाणे नुसते वितळवून कच्चेच सॅलडमध्ये टाकू नका, ते शिजवून खायचे असतात.

पाण्यात तेल टाकायचं ना, चिकटू नये म्हणून?

नको. तेल वर तरंगतं आणि पास्ता खाली असतो. पहिली दोन मिनिटं ढवळत राहा, तेवढंच लागतं.

कुकरमध्ये दोन शिट्ट्या?

नका ना करू. स्टार्चचा फेस शिट्टीत चढतो आणि आत काय चाललंय ते दिसत नाही. उघडं पातेलं.

उकडून झाल्यावर गार पाण्याने धुवायचा की नाही, एक जण हो म्हणतं एक जण नाही.

दोघंही बरोबर. गरम सॉसमध्ये घालायचा पास्ता धुवायचा नसतो, त्याच्यावरच्या स्टार्चला सॉस चिकटतो. सॅलडचा मात्र धुवायचा, म्हणजे शिजणं तिथेच थांबतं आणि तुकडे मोकळे राहतात. आपल्याकडे अडचण वेगळीच, मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीतून नळाला जे पाणी येतं त्यात चहा तेवढा उकळायचा बाकी असतो, त्या पाण्याने कसला गार होतोय पास्ता. म्हणून पातेलंभर प्यायचं पाणी आधीच फ्रीजमध्ये ठेवा किंवा बर्फाचा एक ट्रे रिकामा करा, चाळणीतला पास्ता त्यात बुडवून हलवा आणि लगेच काढा. मग निथळू द्या, अगदी खडखडीत, चाळणी दोन-चारदा झटका. पाणी राहिलं तर ड्रेसिंग पातळ होतं आणि तळाशी तळं साचतं. निथळल्यावर चमचाभर तेल चोळून ठेवायचं, हे तेल मात्र कामाचं.

तयार गोष्टींमधलं काय आणायचं नि काय नाही?

हा खरा प्रश्न. मी असं बघते की ज्या गोष्टी बाटलीत किंवा डब्यात राहूनच चांगल्या होतात त्या विकत, आणि ज्या कापल्यावर मरतात त्या घरी. ऑलिव्ह, हालपिनो (बाटलीतली आंबट मिरची), तेलातले वाळवलेले टोमॅटो, पेस्तो (बेसिल म्हणजे इटालियन तुळशीची हिरवी चटणी), मेयोनीज, मस्टर्ड सॉस, व्हिनेग्रेट (तेल-व्हिनेगरचं ड्रेसिंग), थाउजंड आयलंड (मेयोचं गुलाबीसर ड्रेसिंग), हे सगळं बिनधास्त आणा. डब्यातले उकडलेले छोले किंवा राजमाही मस्त, पाणी काढून धुऊन घ्यायचे, पोटभरीचं होतं. मोड आलेले मूग-मटकी भाजीवालीकडे तयार मिळतात, दोन मिनिटं वाफवून घाला, कोणी इटालियन बघायला येणार नाहीये. पनीर विकतचं, चीज विकतचं, खारे शेंगदाणे विकतचे.

नको ते म्हणजे चिरून प्लॅस्टिकमध्ये भरलेल्या भाज्या. दिसायला सोय, पण काकडी चिरली की तासाभरात रडायला लागते, आणि कापलेली भाजी उन्हाळ्यात किती वेळ कुठे ठेवली होती कोणाला माहीत. बाटलीतला लिंबाचा रसही नको. ताजं लिंबू पिळल्यावर जो वास येतो ना, त्यानेच सगळं बाटलीतलं सामान ताजं लागतं.

ऑलिव्हच्या बाटलीतलं खारं पाणी फेकू नका. त्यातले दोन चमचे ड्रेसिंगमध्ये घातले की मीठही झालं आणि चवही आली. मग वरचं मीठ अगदी जपून.

तयार ड्रेसिंग फार गोड लागतं, काय करू?

आपल्याकडच्या बऱ्याच बाटल्यांत साखर सढळ हाताने असते, खरंय. तर बाटलीला अर्धंच काम द्या. पाच चमचे मेयो, पाच चमचे घट्ट दही, चमचाभर मस्टर्ड सॉस, लिंबू, मिरपूड, ऑलिव्हचं पाणी. विकतचं व्हिनेग्रेट असेल तर त्यात अजून लिंबू आणि एक किसलेली लसूण पाकळी. पानांच्या सॅलडसाठी तीन भाग तेल एक भाग आंबट असं धरतात, पास्ता मात्र आंबट गिळून बसतो, त्यामुळे दोनास एक करा आणि घाबरू नका.

कैरी घातली तर?

घाला की! खरं तर हेच माझं आवडतं. बाजारात कैऱ्या असताना लिंबाच्या मागे कशाला लागायचं, अर्धी कैरी सालं काढून बारीक चिरा किंवा किसा, चिमूटभर साखर, हिरवी मिरची, पुदिना, आणि साधं तेलाचं ड्रेसिंग. मेयोबरोबर कैरी तितकीशी जमत नाही, दह्याबरोबर जमते, पेस्तोबरोबर तर नकोच. कैरी किती आंबट आहे ते आधी चाखा, तोतापुरी असेल तर कमी आंबट म्हणून जास्त लागेल. वरून खारे शेंगदाणे जाडसर कुटून. तयार सामानात फक्त पास्ता आणि शेंगदाणे उरतात, पण सॅलड आपल्या घरचं लागतं.

सामान मिळतं कुठे? आमच्या वाण्याकडे ऑलिव्ह नाहीत.

आता कुठे मिळत नाही ते विचारा. डीमार्ट किंवा कुठल्याही मोठ्या सुपरमार्केटमध्ये पास्ता, मेयो, मस्टर्ड, ऑलिव्ह एकाच रांगेत सापडतात, आणि दहा-वीस मिनिटांत घरपोच देणारी ॲप्स आहेतच, फक्त त्यावर बाटलीचं वजन बघून मागवा, फोटोत मोठी वाटते आणि हातात येते ती बोटाएवढी. भाज्या मात्र बाजारातूनच. ठाण्यात स्टेशनजवळच्या जांभळी नाक्याच्या भाजी बाजारात सकाळी गेलात तर कोवळ्या काकड्या, पुदिना, लिंबं सगळं एका फेरीत होतं, घोडबंदर रोडवाल्यांनी मात्र त्यासाठी स्टेशनपर्यंत येऊ नये, ट्रॅफिकमध्येच पुदिना मान टाकेल, कोपऱ्यावरचा भाजीवाला बरा. वाशीला एपीएमसी मार्केट आहे पण ते घाऊक, सोसायटीचं मोठं जेवण असेल तर चार जणांनी मिळून जावं, दोन ढोबळ्या मिरच्यांसाठी नाही. लाल-पिवळी ढोबळी महाग वाटत असेल तर हिरवीच घ्या आणि रंगासाठी गाजर किसा. बेसिल मिळालं नाही तर पुदिना-कोथिंबीर, पण देवघरातली तुळस नको, तिची चव तिखट लवंगीसारखी, बेसिलची जागा ती घेत नाही.

थोड्या वेळाने सॅलडला पाणी सुटतं.

काकडी आणि टोमॅटो, दुसरं कोण. काकडी उभी चिरून मधला बियांचा गर चमच्याने काढून टाका, मग फोडी करून चिमूटभर मीठ लावून दहा मिनिटं ठेवा नि पिळून घ्या. टोमॅटोच्याही बिया काढा, किंवा चेरी टोमॅटो अर्धे करून घाला. कांदा उग्र लागत असेल तर चिरून दहा मिनिटं गार पाण्यात.

आणि रात्री करून ठेवलं तर सकाळी कोरडं ठक्क होतं, ते?

पास्ता रात्रभर ड्रेसिंग शोषत राहतो. म्हणूनच म्हटलं, निम्मं आधी, निम्मं खायच्या वेळी. आधीच सगळं घातलं असेल तर मेयोवाल्यात दोन चमचे दूध किंवा दही, तेलवाल्यात लिंबू आणि थोडं तेल, की परत जागेवर येतं. ऑलिव्ह ऑइल वापरलं असेल तर फ्रीजमध्ये पांढरे कण दिसतात, ते तेल गोठलेलं असतं, खराब नाही, बाहेर ठेवलं की विरघळतं. सारखं खटकत असेल तर सूर्यफुलाचं तेल वापरा, ते फ्रीजमध्ये पातळच राहतं.

डब्यात नेलं तर टिकेल? ठाण्याहून ऐरोलीला ऑफिस आहे.

ट्रान्स-हार्बर लोकलचा प्रवास छोटा आहे, प्रश्न प्रवासाचा नाही, सकाळी आठला भरलेला डबा दीडपर्यंत टेबलाखाली पडून राहतो त्याचा आहे. नियम असा की शिजवलेलं, लवकर खराब होणारं अन्न बाहेर दोन तासांच्या वर ठेवायचं नाही, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी ३२ म्हणजे बरा दिवस. लोकांना वाटतं मेयोमुळे बिघडतं, पण विकतचं मेयो आंबट असतं आणि ते एकटं तितकं लवकर नासत नाही, खरा धोका शिजवलेल्या पास्त्याचा, पनीरचा, चिकनचा. भात-पास्त्यासारख्या पदार्थांत बॅसिलस सीरियस नावाचा जंतू असू शकतो, त्याचे बीजाणू उकळूनही मरत नाहीत आणि कोमट अन्नात आरामात वाढतात, त्याचं विष तयार झालं की परत गरम करूनही जात नाही.

तर डबा रात्रीच भरून फ्रीजमध्ये गार करा, सकाळी गारच उचला, पिशवीत शेजारी बर्फ झालेली पाण्याची बाटली, आणि ऑफिसला पोचल्या पोचल्या पॅन्ट्रीच्या फ्रीजमध्ये. पॅन्ट्रीत फ्रीज नसेल तर त्या दिवशी पोळीभाजी न्या, उगाच हट्ट नको. शाळेच्या डब्याचं तेच, मधली सुट्टी लवकर असेल आणि बर्फाची बाटली सोबत असेल तरच. येऊरला किंवा खारघरच्या सेंट्रल पार्कात सहलीला न्यायचं असेल तर थर्माकोलचा बर्फाचा डबा हवाच.

घरच्या फ्रीजमध्ये तीन दिवस छान, चौथ्या दिवशी वास न घेता टाकून द्या, वास न येताही खराब असू शकतं. लाइट गेली तर फ्रीज उघडू नका, बंद दारात चारेक तास गारवा राहतो.

जैन करायचंय.

सोपंय. कांदा-लसूण नाही, आणि ड्रेसिंगची बाटली नीट वाचा, लसूण-कांद्याची पावडर लपलेली असते, पेस्तोत तर लसूण असतोच. जैन मेयो वेगळं मिळतं. गाजराऐवजी ढोबळी मिरची, काकडी, मका, कैरी.

मेयोत अंडं असतं का? आणि चीज शाकाहारी असतं ना?

इथे दुकानात बहुतेक मेयो एगलेसच, तरी हिरवा ठिपका बघा. चीजचंही तसंच, दूध गोठवायला जे रेनेट लागतं ते आपल्याकडच्या नेहमीच्या चीजमध्ये सूक्ष्मजीवांपासून बनवलेलं असतं. फक्त परदेशी अस्सल पार्मिजानो रेज्जानो घेत असाल तर ते वासराच्या पोटातल्या रेनेटनेच बनतं, म्हणजे शाकाहारींना चालणार नाही.

नॉनव्हेज घालायचं असेल तर?

आदल्या रात्रीचं तंदुरी चिकन, जे आणल्यावर लगेच फ्रीजमध्ये गेलं होतं तेच. हाडं काढून तोडून घाला, वर मेयो-दही. उकडलेली अंडीही छान. कोळंबी नको असं माझं मत, गार कोळंबी चवीला रबर होते.

शुगर आहे, चालेल?

डॉक्टरांना विचारा. थोडं सांगायचं तर वाटीभर पास्ता आणि दोन वाट्या भाज्या-छोले असं उलटं प्रमाण करा. शिजवून गार केलेल्या स्टार्चचा काही भाग पचायला जड होतो हे खरं, पण त्या भरवशावर दुप्पट वाढून घेऊ नका.

आई-बाबा म्हणतात काय हे फिक्कं प्रकरण.

दह्याचं ड्रेसिंग करा, आणि वरून फोडणी द्या: तेल, मोहरी, हिंग, कढीपत्ता, सुकी मिरची. फोडणी जरा निवू द्या मग ओता, नाहीतर दही फाटतं. वर डाळिंबाचे दाणे. मग बघा, वाडगं कोण पुसून खातं ते.

सोसायटीच्या कार्यक्रमाला पंचवीस जणांसाठी किती करू?

बाकी जेवण असेल तर माणशी ५० ग्रॅम कोरडा पास्ता, म्हणजे सव्वा किलो. शिजून तो वजनाला दुपटीपेक्षा जरा जास्त होतो, भांडं त्या हिशोबाने घ्या. एका पातेल्यात सगळा कोंबू नका, दोन-तीन खेपा करा. आणि क्लब हाऊसच्या टेबलावर सगळं एकदम मांडू नका, थोडं बाहेर, बाकीचं फ्रीजमध्ये, संपलं की पुढचं. बाहेर तास झालेलं परत फ्रीजमध्ये ढकलायचं नाही.

उरलेल्या बाटल्यांचं काय करायचं? सॅलड एकदाच होतं आणि बाटल्या वर्षभर दारात.

ऑलिव्ह आणि हालपिनो त्यांच्याच पाण्यात बुडलेले राहू द्या, ओला चमचा घालू नका, सँडविचवर, डोशावर, पिझ्झावर संपतात. पेस्तोला बुरशी लवकर येते, वर तेलाचा थर द्या किंवा बर्फाच्या ट्रेमध्ये घालून गोठवा, एकेक चौकोन काढून वापरता येतो. मेयो आणि ड्रेसिंग उघडल्यावर किती दिवस चालतं ते बाटलीवर लिहिलेलं असतं, ते वाचून झाकणावर उघडल्याची तारीख मार्करने टाका, नाहीतर ती बाटली थेट दिवाळीच्या साफसफाईत सापडते.